बजरा, पटेली आणि आजोबांचा पडाव

वर्गात मुलांपुढे फजिती होण्याचे प्रसंग प्राध्यापकाच्या आयुष्यात अधूनमधून यायचेच. माझ्या वाट्याला आलेला असा एक प्रसंग मात्र मी अजून विसरलेलो नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात समुद्रावरची एक कविता शिकवीत होतो. तास रंगला होता. निदान मला तसे वाटत होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, डोलकाठी म्हणजे नेमकी कुठली काठी?"

"जिला शीड बांधतात ती," मी ऐटीत सांगितले.

"आणि मग ती काठी वाऱ्याने पडत कशी नाही?"

मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो. एक अर्धगोल काढला, त्यावर एक उभी रेघ ओढली आणि रेघेला एक त्रिकोण चिकटवला. पुढे काय काढावे ते सुचेना. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही तर कागदाची होडी!" सारा वर्ग हसला, मीही हसलो. पण ते हसणे काही खरे नव्हते. कारण माझे आजोबा पडावावर तांडेल होते. मंगळुरी कौले भरून देवगडपासून मुंबईपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले. त्यांच्या नातवाला शीड, सुकाणू, नाळ, नांगर हे सगळे शब्द शुद्धलेखनासह येत होते. येत नव्हती ती एवढीच गोष्ट, की या साऱ्या वस्तू एकमेकींना कुठे आणि कशा जोडलेल्या असतात!

घरी जाऊन जुना आल्बम काढला. आजोबांचा एक फोटो आहे. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, हात गुडघ्यावर. फोटोग्राफरच्या दुकानातला तो फोटो. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा आणि कारंजे! ज्या पडावावर ते जगले त्याचा मागमूस त्यात नाही.

या रुखरुखीतूनच मी जुन्या जहाजांच्या चित्रांच्या मागे लागलो, आणि एका ग्रंथालयात माझी एका विलक्षण माणसाशी गाठ पडली. तो वारला त्याला दोनशे वर्षे झाली आहेत. नाव फ्रान्स्वा बाल्थाझार सोल्विन्स. बेल्जियममधल्या अँटवर्प या बंदराच्या गावी १७६० साली जन्मलेला हा चित्रकार. पुस्तक होते रॉबर्ट हार्डग्रेव्ह या अमेरिकन प्राध्यापकांचे, बंगालच्या बोटींवरचे, २००१ साली निघालेले. हे हार्डग्रेव्ह मूळचे राज्यशास्त्राचे. दक्षिण भारतातल्या राजकारणाचा अभ्यास करता करता ते या विसरलेल्या चितारीच्या प्रेमात पडले. आपला विषय सोडून भलत्याच गोष्टीच्या नादी लागणारे प्राध्यापक सर्वत्र असतात, हे पाहून मला मोठा धीर आला.

सोल्विन्सच्या गावाला शेल्ट नदी. तिच्या मुखाशी समुद्र. लहानपणापासून जहाजे पाहणारा हा मुलगा पुढे बंदरांची आणि जहाजांची चित्रे काढू लागला. त्या चित्रांना राजदरबारी थोडीफार मान्यताही मिळाली. पण युरोपात तो काळ उलथापालथीचा होता. १७९० साली तो ओस्टेंड बंदरातून जहाजावर चढला आणि १७९१ साली कलकत्त्यास उतरला. खिशात फारसे काही नाही आणि ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना तर नाहीच. कलकत्त्यात तेव्हा इंग्रज चित्रकारांची चलती होती. लाटसाहेब, न्यायाधीश, बडे व्यापारी त्यांच्याकडून आपली तैलचित्रे काढून घेत. या परक्या माणसाला कोण विचारतो? पोटासाठी त्याने साहेबांच्या घोडागाड्या आणि पालख्या रंगवण्याचे काम पत्करले.

मला वाटते, त्याच्या चित्रांचे रहस्य इथेच कुठेतरी असावे. जो दिवाणखान्यात बसून साहेबाचा चेहरा रंगवतो त्याला साहेब दिसतो. जो अंगणात बसून गाडीचे चाक रंगवतो त्याला सुतार, लोहार, भोई आणि साईस दिसतात. १७९४ मध्ये सोल्विन्सने एक भलताच संकल्प जाहीर केला. बंगालमधल्या लोकांची, त्यांच्या धंद्यांची, सणांची, वाद्यांची, वाहनांची, हुक्क्यांची आणि नावांची मिळून २५० चित्रे काढायची, ती स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, छापायची, रंगवायची आणि विकायची. हे काम कसे, तर पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. रेघ उघडी पडली असेल तेवढेच तांबे तेजाब खाते, मग तिथे शाई भरून कागदावर ठसा उमटवायचा. अडीचशे वेळा हे करणे म्हणजे वर्षानुवर्षांची हमाली. १७९९ साली त्याचा तो ग्रंथ पुरा झाला. त्यासाठी आधी काढलेली मूळ चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत.

आता या चित्रांतल्या नावांकडे वळू.

त्या काळी गंगेतून प्रवास केलेले चित्रकार पुष्कळ. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १७८८ साली ते कलकत्त्याहून गंगेच्या वाटेने उत्तरेकडे निघाले. पुढे १७९३ मध्ये हे दोघे मुंबईसही आले होते आणि घारापुरी, कार्ले, कान्हेरी पाहून गेले. त्यांची चित्रे सुंदर आहेत. पण त्यांच्या चित्रांतली नाव ही लग्नमंडपाच्या खांबाला लावलेल्या केळीसारखी असते. शोभेसाठी ती हवी. ती कुठून आली, तिच्यात काय भरले आहे, ती कोण हाकतो, हे कोणी विचारू नये. सोल्विन्सचे तसे नाही. तो एक नाव घेतो, तिला पाण्यावर आडवी उभी करतो, तिचे नाव खाली लिहितो आणि ती कशी चालते ते दाखवतो. त्याच्या चित्रांत मावळतीचे सोनेरी आभाळ फारसे नाही. रंगही मंद, मातकट. पण दोर कुठून निघाला आणि कुठे बांधला, ते शोधायला जावे तर सापडते.

त्याने नोंदलेली ही नावे मोठ्याने वाचून पाहावीत अशी आहेत. बजरा, पानसी, पलवार, उलाख, पटेली, मयूरपंखी, डिंगी! मयूरपंखीच्या नाळेवर मोर. ती श्रीमंतांची चैनीची नौका. तिचीच एक बहीण होती, जिच्या नाळेवर हत्तीचे तोंड असे. तिला म्हणत 'फीलचेहरा'. फारसीत फील म्हणजे हत्ती. आपल्याकडे पीलखाना हा शब्द आहे त्यातला पील तोच. आणि डिंगी हा तर बंगालच्या पाण्यातून निघून थेट इंग्रजी कोशात जाऊन बसलेला शब्द. आज जगातल्या कुठल्याही बंदरात तो चालतो.

बजरा ही साहेबांची आणि बड्या बाबूंची नाव. मागच्या भागात खोल्या, त्यांना झडपांच्या खिडक्या, वर गच्ची. ऐषआराम सगळा, पण चाल गोगलगायीची. कलकत्त्याहून काशीला पोचायला साधारण अडीच महिने लागत! मागून स्वयंपाकाची वेगळी नाव येई. वादळात दोघींची चुकामूक झाली, म्हणजे गच्चीवरच्या साहेबाला उपाशी झोपावे लागे. प्रवाहाविरुद्ध जाताना वारा पडला की नावाडी काठावर उतरत, नावेला बांधलेला लांब दोर खांद्यावर घेत आणि चिखलातून, बाभळींतून दिवसच्या दिवस ती नाव ओढीत नेत. या दोराला बंगालीत 'गुण' म्हणतात. संस्कृतातही गुण म्हणजे दोरी हा अर्थ आहेच. वीस वर्षे मी मुलांना गुण देत आलो आहे. गुण ओढणारी माणसे असतात हे मला त्या दिवशी कळले.

पटेली ही मात्र कष्टकऱ्यांची नाव. ती बिहारकडची. तळ सपाट, म्हणजे उथळ पाण्यातही चालावी. बाजूच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. मागे भले मोठे त्रिकोणी सुकाणू आणि ते धरणारा माझी उंच बांबूच्या माचीवर उभा, कारण खाली मालाचा डोंगर एवढा की त्यावरून पुढचे दिसावे कसे? माल पुष्कळदा कापसाचा. आणि हा कापूस कुठला असावा? त्या काळी आपल्या वऱ्हाडातला आणि नागपुराकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरला जात असे आणि तिथून नावांत भरून गंगेने खाली बंगालला उतरत असे. अमरावतीच्या एखाद्या शेतकऱ्याने वेचलेले बोंड पटेलीत बसून मुर्शिदाबादेपर्यंत जात असेल, ही कल्पना मला एखाद्या कादंबरीपेक्षा कमी वाटत नाही.

किती माणसे होती या नावांवर? बंगालच्या नद्यांचे नकाशे तयार करणारा जेम्स रेनेल १७८१ साली लिहितो, की त्या प्रदेशातल्या जलवाहतुकीवर सुमारे ३०,००० नावाडी राबतात. तीस हजार संसार या दोरांवर लटकलेले होते. त्यांच्यासाठी चैत्र-वैशाखात वायव्येकडून अचानक उठणारे कालबैसाखीचे वादळ म्हणजे साक्षात यम. दुपारी आभाळ काळे व्हायचे आणि घटकाभरात होत्याचे नव्हते व्हायचे. हुगळीच्या मुखातून भरतीची उभी लाट आत घुसते, तिची दहशत निराळीच. बांधलेल्या नावाही ती काठावर आपटते. साहेबांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांत नावाडी आळशी आणि भांडखोर असतात. सोल्विन्सच्या चित्रांत ते कामात असतात.

या चित्रांत एक नाव दिसले तेव्हा मी पान उलटायचा थांबलो. ते होते 'ग्रॅब'. म्हणजे आपली गुराब! कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली. अरबीत गुराब म्हणजे कावळा. तिची नाळ चोचीसारखी पुढे निघालेली, निमुळती. शाळेत आपण सगळ्यांनीच गुराबा आणि गलबते पाठ केली. १७५६ साली विजयदुर्गापुढे इंग्रजांच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, हेही पाठ केले. पण गुराब दिसते कशी, हे मला कोणी दाखवले नव्हते. चाळीस वर्षांनी, हजार मैलांवरच्या बंगालात, एका बेल्जियन माणसाने ती काढून ठेवली होती. तोवर ती लढाईची राहिली नव्हती, व्यापाराला लागली होती. तरी पण ती नाळ!

एवढ्या मेहनतीचे चीज झाले का? नाही. कलकत्त्यात ग्रंथ खपला नाही. गोऱ्या ग्राहकांना ती चित्रे ओबडधोबड वाटली, रंग उदास वाटले. १८०४-०५ साली लंडनमध्ये एडवर्ड ऑर्म नावाच्या प्रकाशकाने सोल्विन्सला न विचारता त्याची ६० चित्रे उचलली, गोंडस करून गुलाबी-निळ्या रंगांत छापली आणि ती मात्र लोकांना आवडली! सोल्विन्स १८०३ साली कलकत्त्याहून परत निघाला. वाटेत स्पेनच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि बरेच सामान समुद्राने घेतले. ज्याने आयुष्यभर जहाजे काढली त्याच्यावर जहाजानेच हा प्रसंग आणावा! तरी माणूस हटला नाही. पॅरिसला गेला, पुन्हा नव्याने पत्रे कोरले आणि १८०८ ते १८१२ या काळात चार प्रचंड खंडांत २८८ चित्रे छापली. तेव्हा युरोपभर नेपोलियनची युद्धे पेटलेली. एवढे महाग ग्रंथ घेणार कोण? तेही खपले नाहीत. शेवटी आपल्या गावी, अँटवर्पला, बंदराच्या अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. १८२४ साली तो वारला. शेवटची वर्षे तरी त्याला रोज जहाजे पाहायला मिळाली असतील.

आणि त्याने काढलेल्या नावा? १८३० नंतर गंगेवर आगबोटी नियमित धावू लागल्या. १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीपर्यंत पहिली आगगाडी गेली. साहेब बजऱ्यातून उतरून डब्यात बसला, पाठोपाठ कापूसही उतरला. मयूरपंखी आणि फीलचेहरा दिसेनाशा झाल्या. त्या चालत होत्या तेव्हा त्यांचे कौतुक कोणाला नव्हते, कारण त्या रोज दिसत होत्या. रोज दिसणाऱ्या वस्तूचे चित्र कोण काढतो? आपल्या कितीजणांच्या घरी आजीच्या चुलीचा फोटो आहे?

गेल्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन गावी गेलो. आमचे थोरले काका आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. बारा-तेरा वर्षांचे असताना ते आजोबांबरोबर पडावावर जात. जेवण झाल्यावर ओटीवर त्यांच्यापुढे मी सोल्विन्सच्या चित्रांच्या मोठ्या प्रती ठेवल्या. चित्रकाराचे नाव-गाव काहीच सांगितले नाही. काकांनी चष्मा पुसला, उलाखचे चित्र उजेडाकडे धरले, शिडापासून निघालेल्या दोरावरून बोट फिरवीत नेले आणि थांबले.

"हेना वारो काढल्यान हा," ते म्हणाले.

मग म्हणाले, "ही नाव आमच्याकडची नाय. शीड वेगळा. पण हो माणूस होडयेत बसलेलो आसा. काठार उभो ऱ्हवान ह्या काढूक येवचा नाय."

ज्या माणसाला कलकत्त्याच्या आणि पॅरिसच्या रसिकांनी नापास केले, त्याला आमच्या ओटीवर एका म्हाताऱ्या दर्यावर्दी माणसाने पुरे गुण दिले. मला फळ्यावरची माझी कागदी होडी आठवली. "काका, आजोबांचा पडाव कसा होता?" मी विचारले. काकांनी सांगायला सुरुवात केली. मी वही काढली आणि शब्द टिपू लागलो, कारण मला तेवढेच येते. पण दोन पाने भरली तरी पडाव काही उभा राहीना. काका हातवारे करीत, मी मान डोलावीत होतो, आणि दोघांनाही ठाऊक होते की मला काहीएक समजलेले नाही.

तेव्हा माझी मुलगी आपली चित्रकलेची वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ सरकली. तिने पहिले चित्र काढले. काकांनी पाहिले आणि मान हलवली. "नाळ इतकी बुटकी नाय. पुसून टाक." दुसऱ्या चित्रात डोलकाठी सरळ उभी होती. ती पुढे थोडी झुकलेली हवी होती. तिसऱ्या वेळी तिने काहीच न काढता विचारले, "आजोबा, वारा कुठून येतोय?" काका तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी आंब्याच्या झाडाकडे हात केला. "थयसून."

अर्ध्या-पाऊण तासाने ओटीवर आजोबांचा पडाव उभा राहिला. शीड फुगलेले होते आणि ज्या बाजूने वारा येत होता त्या बाजूचे दोर ताणलेले होते. डोलकाठी वाऱ्याने पडत का नाही, याचे उत्तर मला माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत मिळाले. त्या तिसऱ्या बाकावरच्या विद्यार्थिनीला ते अजून द्यायचे आहे.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने एकेक दोर मोजला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटले, आता कुठलीतरी आठवण सांगतील. पण त्यांनी वही परत तिच्या मांडीवर ठेवली आणि पान उलटले.

"आता आतसून काढ," ते म्हणाले. "कौलां खय रचीत ता सांगतंय."